अठ्ठावन्न कड्या

आधी नाव सांगतो, कारण पुढचं सांगायला लागलो की माझा आवाज बसतो. बिराजदार मॅडम. उदगीरच्या एका भुसार दुकानदाराची मुलगी, लातूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी. मी नायगाव तालुक्यातला पांचाळ सोनार, आठवीतून शाळा सोडलेला. आज बंगळूरला अँटेना बनवणाऱ्या एका कारखान्यात भिंगाखाली तांब्याचं बारीक काम करतो, ते ह्या बाईंमुळे. काय झालं ते आता सांगतो. त्या दिवसाचा धक्का मला अजून पुरता पचलेला नाही, तेव्हा सांगताना थोडं मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

मॅडमना एक सवय होती. कुठलीही पोकळ वस्तू दिसली की त्या तिच्यात बोट घालायच्या. नळाची तोटी, एसटीच्या दांडीचं उघडं टोक, पडून राहिलेला बोअरचा पाईप, काहीही. बोट घालून डोळे बारीक करायच्या आणि स्वतःशीच विचारायच्या, "ह्यातून काय जाईल?" एकदा कॉलेजच्या शिपायाच्या मुलीच्या लग्नात त्यांनी सनईवाल्याच्या सनईत बोट घातलं होतं म्हणे. सनईवाला पाया पडला, पण सनई परत मिळायला त्याला अक्षता पडेपर्यंत थांबावं लागलं. ही गोष्ट खुद्द त्यांनीच मला सांगितली, आणि सांगताना इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

माझी त्यांची पहिली गाठ लातूरच्या सराफ बाजारात पडली. दुकानामागच्या खोलीत आम्ही चौघे कारागीर बसायचो. मॅडमच्या वडिलांच्या गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी बिजागरीत मोडली होती. ती दुरुस्त होईपर्यंत त्या हलायला तयार नव्हत्या, कारण डबीवाचून म्हातारबुवा घरी जेवायला बसणार नव्हते. म्हणून शेठजींनी त्यांना माझ्यासमोर स्टूल टाकून दिलं. मी मंगळसूत्राच्या कड्या वळत होतो. पाचेक मिनिटांनी बघतो तर बाईंनी माझी फुंकणी उचलून तिच्यात करंगळी घातलेली.

"बाई, ती तोंडात धरायची वस्तू हाय," मी म्हणालो.

त्यांनी फुंकणी पदराला पुसून परत ठेवली. मग माझ्या ताटलीतली एक कडी नखावर घेतली, दुसरी घेतली, दोन्ही एकीवर एक ठेवल्या आणि विचारलं, अशा किती जुळ्या काढता येतील. मी म्हणालो, पाहिजे तेवढ्या. त्या म्हणाल्या, "साठ पाहिजेत. पण साठच्या साठ एका आईच्या पाहिजेत." दुसऱ्या दिवशी त्यांनी शेठजींची परवानगी काढली आणि दर रविवारी मी त्यांच्या प्रयोगशाळेत जायला लागलो.

तिथं काय चाललं होतं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आधीच सांगतो. मॅडमचं लहानपण वडिलांच्या दुकानात गेलं. सोयाबीनचं पोतं आलं की म्हातारबुवा कोपरापर्यंत हात आत खुपसायचे. वरचा माल वाळलेला असतो, पोटात ओल असते, आणि त्या ओलीनं आख्खी थप्पी तापते, बुरशी धरते. हाताचा अंदाज कधी चुकला की म्हातारबुवा दोन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत. ते बघत बघत ही मुलगी मोठी झाली आणि तिनं ठरवलं, ह्या हाताच्या जागी लाट पाठवायची. जेवण गरम करायच्या मायक्रोवेव्हमध्ये असते तसली लाट. दाण्यातलं पाणी ती लाट पितं. किती प्यालं त्यावरून ओल कळते.

पण ही लाट सोडायला धातूची पोकळ चौकोनी नळी लागते. तिला वेव्हगाईड म्हणतात आणि तिचं उघडं तोंड हाच अँटेना. ती नळी तळहाताएवढी रुंद होती. पोत्यात घालायची तर पोतं फाडावं लागेल. आणि नळी बारीक केली की लाट आत शिरतच नाही. तीन-साडेतीन बोटांच्या खाली गेलं की बंद, दारातूनच परत. हा निसर्गाचा नियम आहे, तिथं कुणाचा वशिला चालत नाही.

"मग?" मी विचारलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "आमच्या उदगीरच्या घराचं दार एवढंसं हाय. म्हणून पाव्हण्याला परत लावतो का आम्ही? वाकून या म्हणतो."

लाटेला वाकायला लावण्यासाठी माझ्या कड्या होत्या. बारीक नळीच्या आत, थर्माकोलच्या पातळ पट्टीवर, तांब्याच्या तारेच्या कड्या ओळीनं बसवायच्या. प्रत्येक कडी करंगळीच्या नखाएवढी आणि प्रत्येकीला एक केसाएवढी फट. ह्या मांडणीला मेटामटेरियल म्हणतात. मी तो शब्द ऐकून घाबरलो तेव्हा त्या म्हणाल्या, "धातू नवा न्हाई रे बाबा, तांबंच हाय. एक दाणा म्हंजे दाणा. पोतं भरलं की माल. कड्या बी तशाच. एकटीला गुण न्हाई, मांडणीला हाय." ह्याच कड्या त्यांनी आधी छापील पट्टीवर करून पाहिल्या होत्या, पण ती पट्टीच निम्मी लाट पिऊन टाकायची. म्हणून त्यांना नुसती तार पाहिजे होती आणि तार वळणारा हात पाहिजे होता.

सांगून झालं की त्या विचारायच्या, "कळलं का?"

मी म्हणायचो, "हाव."

ह्या हावचं, म्हणजे आमच्याकडच्या 'हो'चं, थोडं सांगावं लागेल. आठवीत फळ्यासमोर उभं राहून मी "कळलं" म्हणालो होतो आणि मग गणित मांडता आलं नव्हतं. सगळा वर्ग हसला. मास्तरही हसले. दुसऱ्या दिवशी मी दप्तर घेऊन निघालो तो शाळेत न जाता काकाच्या भट्टीशी जाऊन बसलो, आणि तिथून उठलोच नाही. पण हाव काही सुटलं नाही. शिकलेलं माणूस समोर आलं की माझ्या तोंडून तो शब्द आपोआप पडतो. माझ्या अडाणीपणावर मी तो पांघरूण घालावं तसा घालतो.

मॅडमना संशय होता. एकदा त्या म्हणाल्या, "तू लई लवकर हाव म्हणतोस. न्हाई म्हण कधीतरी. माणूस न्हाई म्हणल्याबिगर मला पुढचं सांगता येत न्हाई." मी त्यालाही हाव म्हणालो.

त्यांच्या कपाटात जाडजूड रजिस्टरं होती. आलेला प्रत्येक आकडा शाईनं लिहायचा, पेन्सिल चालायची नाही, खाडाखोड तर नाहीच. एकदा आकडा घेताना एक विद्यार्थी टेबलाला टेकला आणि रेघ हलली. तो म्हणाला, मॅडम, हा लिहू नका, दुसरा घेऊ. मॅडमनी तो लिहिला, शेजारी "टेबल हलले" असं लिहिलं आणि मग दुसरा घेतला. म्हणाल्या, "वाईट आकडा बी आपल्याच घरचा. त्याला बाहेर काढायचं न्हाई." ही गोष्ट ध्यानात असू द्या.

पहिल्यांदा मी सहाच कड्या केल्या. नमुना म्हणून, न झाळता, म्हणजे सांधा धातूनं न जोडता, तोंड उघडं ठेवून. त्या दोन बोटं रुंदीच्या नळीत बसवल्या आणि यंत्र चालू केलं. इतके दिवस पडद्यावर जी रेघ जमिनीसारखी सपाट असायची तिच्या मधोमध एक छोटं टेकाड उभं राहिलं. त्यांनी नळीच्या तोंडात बोट घातलं, काढलं आणि त्या बोटाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "गेली की रे. वाकून गेली." माझ्या हातच्या कडीनं असं काही होऊ शकतं ही कल्पनाच सोसवेना. मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेलो आणि नळ चालू करून नुसता उभा राहिलो.

मॅडम तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या. ह्याच कामावर त्यांची पीएचडी अडकलेली होती आणि मुदत दोनदा वाढवून झाली होती. आता नांदेडला समिती बसणार होती. समितीसमोर पोत्यातली ओल दोन बोटांच्या नळीनं मोजून दाखवली तर आणखी एक वर्ष मिळणार. नाहीतर उरलेल्या सहा आठवड्यांत प्रबंध द्यायचा, आणि तेवढ्यात जमलं नाही तर ती सगळी रजिस्टरं रद्दी. कॉलेजातले काही लोक त्यांना पाठीमागं "पाईपवाली" म्हणायचे. त्यांनी नांदेडचा दिवस डोळ्यांसमोर धरून ठेवला होता.

त्यांनी मला साठ कड्यांचा नकाशा दिला. एक मोठी कडी काढलेली, मापं लिहिलेली, आणि जिथं फट तिथं लाल शाईनं गोल केलेला. त्या गोलावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथं लई जप, दिगंबर. सगळा जीव इथं हाय. कळलं का?"

"हाव," मी म्हणालो.

आता कारागिराची रीत सांगतो. आमच्याकडे नमुन्याची कडी झाळत नाहीत. गिऱ्हाइकानं पसंत केली की मग पक्क्या मालाला झाळ द्यायची. उघडी कडी देणं म्हणजे अर्धं काम देणं, तिच्यात धागा अडकतो, दागिना गळून पडतो. काका तर उघडी कडी दिसली की चिमट्यानं बोटावर मारायचे. आणि आमच्या खोलीत कागदावर लाल खूण असली की तिचा अर्थ एकच, इथं झाळ. सांधा दिसता कामा नये, इथं जपा. चौदा वर्षं मी त्या लाल खुणेवर काम केलं होतं.

म्हणून मी जपलं. मॅडमसाठी माझ्या हातून जेवढं देखणं काम होईल तेवढं करायचं ठरवलं. साठ कड्या वळल्या, एकेक भिंगाखाली धरून झाळली आणि कानस फिरवून सांधा असा नाहीसा केला की माझा मलाच सापडेना. कोऱ्या थर्माकोलवर बसवल्या, नळीत सरकवल्या आणि वरून झाकण लावलं. तपासायला वेळ नव्हता, कारण लातूरहून सकाळची बस धरायची होती. मॅडमनी झाकणावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "माझ्या बांगड्यांना बी कुणी एवढं जपलं न्हाई." मी खाली मान घालून हसलो.

अहमदपूर, लोहा करत आम्ही नांदेडला पोचलो. खोलीत समितीचे तिघे बसले होते, शिवाय दहा-बारा विद्यार्थी. मी सोयाबीनचं पोतं धरून मागं उभा. मॅडम छान बोलल्या. उदगीरच्या दाराची गोष्ट सांगितली तेव्हा अध्यक्षही हसले. मग त्यांनी नळी पोत्यात सरकवली. अशी सहज गेली की पोत्याची वीणही हलली नाही. यंत्र चालू केलं.

रेघ सपाट.

मॅडमनी वायर काढून परत लावली. सपाट. यंत्र बंद करून चालू केलं. सपाट. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. ते हसणं मी ओळखलं, आठवीतलं होतं ते. मॅडमनी नळी बाहेर घेतली, झाकण उघडलं आणि एका कडीवर नख फिरवलं. पूर्ण गोल फिरवलं. नख कुठंच अडकलं नाही. मग दुसरीवर. त्यांचा चेहरा मी बाजूनं बघत होतो. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, फक्त एकदा, आणि त्या नजरेवरून मला कळलं की जे काही झालंय ते माझ्या हातून झालंय. काय झालंय ते मात्र तरीही कळलं नाही.

अध्यक्षांनी विचारलं, काय झालं. कड्या कुणी बनवल्या.

खोलीत मी होतो. माझं तोंड होतं. मी सोयाबीनच्या पोत्याकडे बघत राहिलो.

मॅडमनी झाकण लावलं आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे."

वर्ष काही मिळालं नाही. सहा आठवड्यांत द्या, नाहीतर राहू द्या, असं सांगून समिती उठली. बसस्थानकावर मॅडमनी चहा घेतोस का असं विचारलं. मी म्हणालो, माय आजारी आहे, गावी जाऊन येतो. माय ठणठणीत होती. कड्यांची पट्टी सामान आवरताना नळीतून काढली होती, ती माझ्याच पिशवीत पडली होती, तशीच घेऊन मी नायगावच्या बसमध्ये चढलो. लातूरला परत जायचं नाही हे माझं ठरलं होतं. खिडकीतून पाहिलं तर मॅडम दोन्ही हातांत दोन पिशव्या धरून लातूरच्या गाडीच्या फलाटावर उभ्या होत्या. बोट घालायला कुठलाच हात मोकळा नव्हता.

गावी मी तीन दिवस घरातच पडून होतो. चौथ्या दिवशी सकाळी काकाच्या जुन्या भट्टीशी बसलो आणि कड्या आटवायला घेतल्या. पहिली मुशीत टाकली. दुसरी टाकली. तांबं लाल होऊन डोळ्यादेखत थेंब झालं. तिसरी चिमट्यात होती तेवढ्यात अंगणातून मायचा घाबरा आवाज आला. शहरातली कुणी बाई आली होती आणि आल्या आल्या तिनं आमच्या हातपंपात बोट घातलं होतं.

माय मॅडमना विचारत होती, "बाई, माझं लेकरू काय चोरून आलंय का हो?"

"हाव, मावशी," मॅडम म्हणाल्या. "साठ कड्या."

चैत्राच्या उन्हात दोन बस बदलून त्या आल्या होत्या. शेठजींकडून गावाचं नाव घेतलं, फाट्यापासून चालत आल्या. माझ्या हातातला चिमटा आणि मूस बघितली आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "थांब. किती टाकल्यास?"

"दोन."

त्यांनी खाली बसून मुशीत डोकावलं. सुस्कारा सोडला. "अठ्ठावन्न चालतील. दोन दिगंबरनं खाल्ल्या असं लिहिते." आणि चिमट्यातली तिसरी स्वतःच्या हातानं काढून घेतली. ती अजून थंडच होती, तरी फुंकर मारली.

मला काही समजेना. शिव्या खायची तयारी करून बसलो होतो आणि बाई बंद कड्या मागत होत्या. त्यांनी पट्टी मांडीवर घेतली आणि विचारलं, "आता सांग. कामून झाळलंस?"

मी सांगितलं. नमुना उघडा ठेवतात, पक्का माल झाळतात. लाल खूण म्हणजे झाळायची जागा. तुम्ही म्हणालात इथं जप, मी जपलं.

मॅडम ऐकता ऐकता थांबल्या. चष्मा काढला. त्या दिवशी धक्का एकट्या मलाच बसलेला नव्हता.

"लाल म्हंजे झाळ?"

"हाव. चौदा वर्षं."

"आन् मी लाल गोल करून दिला." त्या हळूहळू हसायला लागल्या, पण ते सनईवालं हसू नव्हतं. "नांदेडात मी उगंच म्हणले होते रे, चूक माझी. तुला त्या लोकांच्या तोंडी द्यायचं नव्हतं म्हणून. सगळ्या रस्त्यानं मला टोचत होतं की बिराजदार, खोटं बोललीस. आता बघ, खरंच माझीच निघाली."

मी म्हणालो, तसं नाही. नकाशात फट दिसत होती. ती कशाला आहे ते मी विचारलंच नाही.

"विचारलं असतंस तर?"

माय दारात उभी होती. तिच्यासमोर बोलणं आणखीनच जड. शेवटी म्हणालो, "न्हाई कळलं मला, मॅडम. पहिल्या दिवसापासून न्हाई कळलं. फट कशाला लागते?"

त्यांनी मांडी ठोकली. "हां. आता शिकवते."

समोरच्या कडुलिंबाला शेजारच्यांच्या पोरीनं दोर टाकून झोका केला होता. मॅडमनी ते दाखवलं. लाट कडीत विजेला ढकलते. फट असली की वीज फटीच्या एका काठापर्यंत धावते, अडते, उलटी फिरते आणि दुसऱ्या काठाला जाऊन अडते. मागं पुढं, मागं पुढं, झोक्यासारखी. प्रत्येक झोक्याचा स्वतःचा ठेका असतो. लाटेचा ठेका त्याच्याशी जुळला की झोका आभाळाला जातो, आणि अठ्ठावन्न झोके एका ठेक्यात हलले की लाटेला बारीक नळीतूनही वाट मिळते. "आन् फट झाळली की?" त्यांनी विचारलं. मी झोक्याकडे बघितलं. म्हणालो, फट झाळली म्हणजे झोक्याचा दोर खोडाला आवळून बांधला. कितीही ढकला, त्या ठेक्यात तो हलायचा नाही.

"कळलं का?" असं त्यांनी विचारलं नाही. त्यांना दिसलं होतं.

मग त्या का आल्या ते सांगितलं. त्यांना आता दोन्ही पाहिजे होत्या. त्याच तारेच्या, त्याच मापाच्या, त्याच हाताच्या अठ्ठावन्न बंद आणि अठ्ठावन्न उघड्या. उघड्या लावल्या की लाट जाते आणि बंद लावल्या की मरते हे शेजारी शेजारी दाखवलं तर कुणालाच म्हणता येणार नाही की लाट दुसरीकडून चोरून आली. करामत फटीचीच आहे हे सिद्ध होतं. "अशी तुलना करावी म्हणून पुस्तकात लिहितेत," त्या म्हणाल्या, "पण बंद कड्या एवढ्या सफाईनं कोण करून देतंय? सांधा माझ्या नखाला बी लागला न्हाई. लई पाप केलंस, पण काय सुंदर केलंस."

मायनं त्यांना पिठलं-भाकरी वाढली. त्या जेवेपर्यंत मी तार ओढायला बसलो होतो.

सहा आठवड्यांत ते झालं. उघड्या कड्यांनी पडद्यावर टेकाड नाही, डोंगर उभा केला. बंद कड्यांनी रेघ सपाट ठेवली, आणि ह्या वेळी ती सपाट रेघ बघून मॅडमनी टाळी वाजवली. प्रबंध गेला, मान्य झाला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं म्हणे की साठ सोडून अठ्ठावन्नच कड्या कशा. मॅडमनी सांगितलं, दोन कारागिरानं आटवल्या. लोक हसले, पण त्यांनी ते खरंच सांगितलं होतं.

त्या दिवसांत एकदा मी नांदेडच्या तारखेचं रजिस्टर उघडून बघितलं. मराठी तेवढं वाचता येतं मला. आकड्याखाली, नंतर माझ्या गावाहून परतल्यावर, शाईनं लिहिलं होतं, "रेघ सपाट. कड्या बंद. लाल खुणेचा अर्थ कारागिराला विचारला नाही. चूक माझी." माझं नाव कुठंच नव्हतं. मी पान उलटून पाहिलं, मागचंही पाहिलं. माझ्या हावचा एक शब्द नाही. टेबल हललं तरी लिहिणारी बाई, आणि माझं न बोलणं तिनं लिहिलं नव्हतं. मी तिथंच बाकावर बसलो. मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

मी म्हणालो, ह्यात माझंही लिहा. त्या म्हणाल्या, "ह्यात मी केलेलं लिहिते. तुझं तू लिही कधीतरी."

बंगळूरचा हा कारखाना त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा. त्याला तारेच्या कामाचा हात पाहिजे होता. मॅडमनी विचारलं, जाशील का. मी सवयीनं म्हणालो, "हाव." त्या नुसत्या बघत राहिल्या. मग मी म्हणालो, "न्हाई मॅडम. भ्या वाटतंय. भाषा येत न्हाई, शाळा न्हाई, कुणी वळखीचं न्हाई." त्यावर म्हणाल्या, "आता बरोबर. आता जा." लातूरच्या स्टेशनावर सोडायला आल्या तेव्हा गाडी हलेपर्यंत खिडकीच्या गजाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, तिकडं कानडीत 'हो'ला 'हौदु' म्हणतेत, तो शब्द सगळ्यात शेवटी शिक.

त्यांचं ऐकलं. इथं शाळेचा विषय निघाला की मी अजून खाली बघतो. साहेब नकाशा घेऊन आले की हाव तोंडाशी येतं. पण नकाशावर कुठलीही खूण दिसली की मी विचारतो, ह्याचा तुमच्याकडे अर्थ काय. सुरुवातीला हसले. आता विचारण्याआधीच सांगतात.

मॅडम निवृत्त होऊन उदगीरला गेल्या. म्हातारबुवा गेले, दुकान भाऊ बघतो. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाल्या, नळी अजून दोन बोटांचीच आहे रे, पोत्याला मोठीच होते. एका बोटाची पाहिजे होती, पण आता माझे डोळे गेले.

मॅडम, तुझं तू लिही म्हणाला होतात, ते हे लिहिलं. नांदेडच्या त्या खोलीत कड्या कुणी बनवल्या असं विचारलं तेव्हा मी गप्प राहिलो. कड्या मी बनवल्या होत्या. मला कळलं नव्हतं, आणि मी हाव म्हणालो होतो.

एका बोटाची नळी मी करायला घेतली आहे. सुट्टीच्या दिवशी, साहेबांना विचारून, इथल्याच भिंगाखाली. कड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या होतात, फट डोळ्याला दिसत नाही, आणि एवढ्या लहान कड्यांचा ठेका तुमच्या लाटेशी जुळत नाही. तीन वेळा केली, तिन्ही वेळा रेघ सपाट आली. तिन्ही आकडे शाईनं लिहून ठेवलेत. पण जमेल त्या दिवशी ती घेऊन मी उदगीरला येईन, वाकून तुमच्या दारातून आत शिरेन आणि दुकानातल्या पहिल्या पोत्यात तुमच्याच हातानं घालायला देईन. आधी तुम्ही तिच्यात बोट घालून बघा. मावलंच, तर मी परत जाऊन आणखी बारीक करून आणीन.